दुसरी पसंती

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिला सांगणं शक्यच नव्हतं, कारण यात तिच्या भावाचा भाग आहे. मुलीनं मात्र दोनदा विचारलं होतं, "बाबा, तुमचे ते फिजीवाले मित्र, त्यांचं पुढे काय झालं?" दोन्ही वेळा मी "संपर्क तुटला" असं म्हणून चहा ठेवायला उठलो. संपर्क तुटला नव्हता. त्याची पत्रं माझ्या कपाटात होती, अजूनही आहेत. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींनी परदेशच्या आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा मी मस्कतवर आठ पानं लिहून दिली. ऊन, समुद्र, खजूर, शिस्तीची वाहतूक, सगळं होतं त्यात. तो नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी घरी येऊन दार लावून बसलो.

आता वय झालं. तेव्हा जसं घडलं तसं लिहितो.

मी ओमानमध्ये गेलो तेव्हा चाळिशीला आलो होतो. बायको आणि मुलगी अकोल्यात, मी मस्कतच्या हमरिया भागात एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत. रुवीतल्या ऑफिसात चालत जायला वीस मिनिटं लागत. कंपनी बांधकामाची, आणि मी अंदाजपत्रकाच्या विभागात: नकाशे बघायचे, किती खडी, किती सळई, किती माणसं लागतील ते काढायचं. वर्षभरानं माझ्या समोरच्या टेबलावर एक नवीन माणूस आला. रंग-रूप आपल्याकडच्या कुठल्याही माणसासारखं, पासपोर्ट मात्र फिजीचा. त्याचे पणजोबा उत्तर प्रदेशातल्या बस्तीकडून जहाजानं ऊस तोडायला गेले ते तिकडेच राहिले. त्याची हिंदी ऐकून ऑफिसातली मुलं हसत. शंभर वर्षांपूर्वीची कुठली तरी बोली बोटीत बसून गेली आणि तिथेच वाढली, असं ते बोलणं होतं. सगळे त्याला फिजीभाई म्हणत. तो मला भैया म्हणे.

त्याचंही कुटुंब तिकडे फिजीत होतं, बायको आणि एक लहान मुलगी. दर शुक्रवारी तो दुपारी माझ्या खोलीवर यायचा. मी वरण-भात लावायचो, तो डब्यातून मासे आणायचा. जेवण झालं की तो माझ्या स्टीलच्या पातेल्यात बिनदुधाचा काळा चहा करायचा आणि पातेलं दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा. त्यांच्याकडे म्हणे एका झाडाची मुळी कुटून पाण्यात कालवतात, त्या भांड्याभोवती गाव बसतं आणि एकाच वाटीतून सगळे पितात. पिण्याआधी एक टाळी, पिऊन झाल्यावर तीन. मुळी मस्कतला कुठून मिळणार? म्हणून चहा. आम्ही दोघं घोडे टाळ्या वाजवत चहा प्यायचो. खालच्या दुकानातले केरळी म्हातारबुवा एकदा जिन्यात मला म्हणाले, "सेठ, शुक्रवार को भजन है क्या?"

त्याला एकच विषय. त्यांची संसद. सुवा शहरात संसदेची इमारत कशी आहे, तिचं छप्पर त्यांच्या जुन्या झोपड्यांसारखं कसं उंच आणि उतरतं आहे, कोणत्या पक्षातून कोण फुटला, कोण कोणाशी बोलत नाही. एक्क्याऐंशी-ब्याऐंशी सालापासून तो एका पक्षाचा साधा कार्यकर्ता होता. मतदान केंद्रात पक्षातर्फे बसायचं, याद्या तपासायच्या, म्हाताऱ्यांना गाडीतून आणायचं. सत्त्याऐंशी साली तिथे लष्करानं सरकार पाडलं, हिंदी वंशाची माणसं भराभर देश सोडून गेली, तोही पुढे नोकरी शोधत इकडे आला.

आणि आम्ही? आम्ही गल्फमधली माणसं राजकारण बोलत नसू. कोणी मनाई केली होती असं नाही, पण ती भीती आम्ही विमानतळावरूनच बरोबर आणलेली. मदिनत सुलतान काबूस या वस्तीत एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरी आमची मंडळी वर्षातून एकदा एप्रिलमध्ये जयंतीला जमायची. निळ्या कोटातला फोटो, मेणबत्त्या, वंदना, मग जेवण. भाषण झालंच तर शिक्षणावर. माझ्या अकोल्याच्या घरात मात्र भिंतीवर राज्यघटनेची उद्देशिका चौकटीत लावलेली होती आणि वडिलांनी मला ती पाठ करायला लावली होती. हे मी फिजीभाईला सांगितलं त्या दिवशी तो उठून उभाच राहिला.

"भैया, तुम लोग के घर में भगवान के जगह कानून टँगा है?"

"कानून नाही रे. संविधान."

"वही तो! हम लोग के कागज सत्तासी में फाड़ दिया. तुम लोग के तो दीवार पे है." त्यानं मान हलवली. "और तुम काहे इतना डरता है?"

एकदा आम्ही दोघं मोजमापासाठी खाबुराला गेलो होतो. काम आटोपल्यावर बाजारातल्या एका ओमानी म्हाताऱ्यानं आम्हाला ओट्यावर बसवून खजूर आणि कॉफी दिली. तो हिंदी बोले, तरुणपणी मुंबईला जाऊन-येऊन असायचा. बोलता बोलता त्यानं सांगितलं की त्यांच्या विलायतीतून, म्हणजे तालुक्यातून, मजलिसवर, म्हणजे सुलतानाच्या सल्लागार सभेवर, कोणाला पाठवायचं ते ठरतंय. झालं, आमचा माणूस पुढे सरकला.

"बाबा, पार्टी कौन-कौन है?"

"पार्टी नहीं. आदमी है. उसको मालूम, उसके बाप को मालूम. पार्टी काहे को?"

"और जो हारेगा, वो?"

मी त्याच्या पायावर पाय दिला. म्हातारा हसला आणि माझ्याकडेच बघत म्हणाला, "जो हारेगा वो भी शाम को इधर ही कॉफी पिएगा. तुम अपना पाँव हटाओ, उसका जूता खराब होता है."

परतीच्या वाटेवर मी फिजीभाईला झापलं. तो खिडकीतून बाहेर बघत हसत राहिला. मग म्हणाला, की जो हरतो तो संध्याकाळी कुठे बसतो, यावरच तर सगळं ठरतं.

सत्त्याण्णव साली त्याच्या देशात नवी घटना आली. नव्व्याण्णवला निवडणूक लागणार होती आणि मतदानाची पद्धतही नवी. मतपत्रिकेचा नमुना त्याला कोणीतरी पोस्टानं पाठवला होता. एका शुक्रवारी त्यानं तो माझ्या चटईवर पसरला. पत्रिकेच्या मधोमध एक आडवी रेघ. रेघेच्या वर पक्षांची चिन्हं, खाली उमेदवारांची नावं. वर एका चिन्हावर खूण केली की झालं, पुढची पसंती तुमच्या वतीनं पक्ष ठरवणार. खाली मात्र प्रत्येक नावापुढे आपल्या हातानं आकडा घालायचा: एक, दोन, तीन, शेवटपर्यंत. पहिल्या पसंतीचा माणूस पडला की तुमचं मत दुसऱ्याकडे जातं.

"ऊपर टिक मारना आसान," तो म्हणाला. "नीचे मेहनत है. पर असली चीज नीचे है भैया. पहला नंबर तो आदमी अपने आदमी को देता है. दूसरा किसको देगा, उससे मालूम पड़ता है वो कैसा आदमी है."

त्याच्या पक्षाचं त्याला पत्र आलं होतं: ये, माणसं कमी आहेत. त्याचा निर्णय होत नव्हता. इथली नोकरी चांगली, मुलगी शिकतेय. मीच त्याला म्हणालो, "जा. तुझ्या देशाला नवी घटना मिळालीय आणि तू इथे खडी मोजत बसणार?" अर्धा तास बोललो. इतकं छान मी कुठल्याच जयंतीला बोललो नव्हतो. तो ऐकत राहिला. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "और लौटना पड़ा तो?"

"तुझी खुर्ची मी ठेवतो," मी म्हणालो. "माझा शब्द."

त्यानं तीनदा टाळी वाजवली.

तो बिनपगारी रजेवर गेला. मे महिन्यात त्याच्या आघाडीचं सरकार आलं आणि पहिल्यांदाच हिंदी वंशाचा माणूस पंतप्रधान झाला. त्याचा ऑफिसात फोन आला तेव्हा तो रडत होता की हसत होता ते कळलं नाही. त्याला संसदेतल्या पक्षकार्यालयात कारकुनाचं काम मिळालं. रजा वाढवून हवी होती. तोवर मी विभागप्रमुख झालो होतो, मी वाढवून दिली. पण सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की ओमानचा रहिवासी व्हिसा आपोआप मरतो, तसा त्याचाही मेला. परत आणायचं तर नव्यानं क्लिअरन्स काढायचा, म्हणजे एका परदेशी माणसाला त्या जागेवर आणायची सरकारी परवानगी. त्यासाठी कंपनीनं अर्ज केला. मला वाटलं, घाई कुठे आहे?

शुक्रवार फार मोठे झाले. मी एकट्यापुरता भात लावायचो, पातेलं भिंतीशी उभं करून ठेवलेलं असायचं. त्या वर्षी मी जेवून लगेच झोपायला शिकलो.

दोन हजार सालच्या मे महिन्यात, शुक्रवारीच, सकाळी रेडिओवर ऐकलं की फिजीत बंदूकधारी संसदेत घुसले आणि पंतप्रधानांसकट सरकार पक्षाच्या सभासदांना त्यांनी सभागृहातच ओलीस धरलं. सुवात दुकानं लुटली जात होती, जाळली जात होती. मी दिवसभर रेडिओपाशी बसलो. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. तो सकाळी कागद आणायला बाहेर गेला होता म्हणून वाचला. आत त्याचे रोजचे लोक होते, ज्यांना तो चहा द्यायचा. नदीकाठच्या त्याच्या गावात रात्री टोळ्या येत होत्या. बायको-मुलीला त्यानं नातेवाइकांकडे पत्र्याच्या खोलीत नेलं होतं.

"भैया, लड़की सोती नहीं है," तो म्हणाला. "हमको बुला लो. वो खुर्सी..."

"बघतो," मी म्हणालो. "इन्शाल्ला."

गल्फमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा, ऑफिसातला 'इन्शाल्ला' कधी कधी काय असतो ते.

गोष्ट अशी होती की त्याआधी दोन महिने बायकोनं फोनवर मला तिच्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं होतं. पदविका होऊन चार वर्षं घरी बसलेला, लग्न जमत नव्हतं. "अहो, तुमच्या हाताखाली जागा रिकामी आहे असं तुम्हीच म्हणालात. माझ्यासाठी एवढं करा. आजवर मी काही मागितलं का?" तिनं खरोखरच काही मागितलं नव्हतं. दहा वर्षं तिनं एकटीनं संसार केला होता. मी मेहुण्याचे कागद मागवून घेतले आणि खणात ठेवले.

जूनमध्ये क्लिअरन्स आला. एकाच माणसाचा.

आमचे साहेब सोहारकडचे ओमानी होते. मऊ बोलणारे, हिशेबी, कोणावर आवाज न चढवणारे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कागद होता, त्यावर माझ्याच विभागानं पाठवलेली दोन नावं. मेहुण्याचं आणि फिजीभाईचं. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं.

"तुमको काम लेना है. तुम नंबर डालो. एक, दो."

मी मेहुण्याच्या नावापुढे एक घातला. फिजीभाईच्या नावापुढे दोन घातला. इथवर मला स्वतःला माफ करता आलं असतं. आपल्या माणसाला कोण पुढे करत नाही? त्याच्या गावातल्या मतदारानंही हेच केलं असतं.

साहेबांनी कागद वाचला. म्हणाले, "दुसरा अच्छा आदमी था. ऑगस्ट में एक और क्लिअरन्स आएगा. उसको बुलाएँगे?"

म्हणजे त्याची वाट बंद झाली नव्हती. दोन महिन्यांचा प्रश्न होता. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे चित्र आलं: तो ऑगस्टमध्ये बॅग घेऊन विभागात येतो आणि त्याच्या खुर्चीत माझा मेहुणा बसलेला असतो. तो काही बोलणार नाही. शेजारच्या रिकाम्या टेबलावर बसेल, शुक्रवारी मासे घेऊन येईल. ते मला सोसलं नसतं.

"साहब," मी म्हणालो, "वो पॉलिटिक्सवाला आदमी है. पार्टी का काम करता है. इसीलिए गया था."

साहेबांनी पेन घेतलं, दुसऱ्या नावावर आडवी रेघ मारली आणि हलकेच म्हणाले, "खलास."

मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. कोणी चौकशी केली असती तर प्रत्येक अक्षर खरं निघालं असतं. दोन मिनिटांत मी खुर्चीवरून उठलो आणि जिना उतरताना मला वडिलांचा आवाज आला, उद्देशिका पाठ करायला लावताना काढायचे तसा, एकेक शब्द सुटा: विचार, अभिव्यक्ती, विश्वास.

फिजीभाईला मी फोनवर सांगितलं की कंपनीनं जागाच रद्द केली. मग तोच मला धीर द्यायला लागला. "तुम कोसिस किया भैया. हम जानता है तुम कितना कोसिस किया होगा." ओलीस धरलेली माणसं छप्पन्न दिवसांनी सुटली, पण त्याचं सरकार परत आलं नाही.

मेहुणा आला. "भाऊजी, इथं शुक्रवारी करायचं काय?" हा त्याचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न. त्याला लवकरच मित्र मिळाले, तो त्यांच्या खोलीवर पत्ते खेळायला जाऊ लागला. दोन वर्षांनी दुबईत चांगली नोकरी मिळाली तसा तो राजीनामा देऊन निघूनही गेला. जाताना पाया पडला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला काही माहीतच नव्हतं. ती खुर्ची पुन्हा रिकामी झाली तेव्हाही मी फिजीला फोन केला नाही. नावावर रेघ मारलेली होती आणि ती मीच मारायला लावली होती, ते आता कोणाला आणि काय सांगून पुसणार?

पुढे बायको आणि मुलगी मस्कतला आल्या. आम्ही मोठ्या घरात राहायला गेलो. मुलगी शाळेतून येऊन इंग्रजीत बोलायची. त्याची पत्रं ती पोस्टबॉक्समधून आणायची आणि तिकिटं काढून घ्यायची. पत्रं इंग्रजीत असत. तो एका कपड्यांच्या कारखान्यात पहारेकरी झाला होता. नकाशे वाचणारा माणूस. वडिलोपार्जित शेताचा करार संपला होता, जमीन मूळ मालकांकडे परत गेली होती. हे सगळं दोन ओळींत, आणि मग अडीच पानं राजकारण. दोन हजार सहाला पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा त्यानं लिहिलं की आता दोन्ही मोठ्या पक्षांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसणार आहेत, खाबुराच्या त्या बाबांना सांग. वर्ष संपायच्या आत लष्करानं तेही सरकार घालवलं. त्यानंतरच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, "आता मी टाळी वाजवायचं विसरत चाललोय." प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य असायचंच: त्या वर्षी तू माझ्यासाठी प्रयत्न केलास, ते मी विसरलेलो नाही.

मी त्याला उत्तरं लिहायचो. तब्येत, मुलीची परीक्षा, मस्कतमधले नवे रस्ते. कितीदा तरी दुसरा कागद घेऊन सुरुवात केली. तारीख घातली, मायना लिहिला, आणि घरात कोणीतरी हाक मारली म्हणून बरं वाटलं.

निवृत्त होऊन परत निघालो त्या आठवड्यात घर रिकामं झालेलं होतं. बायको-मुलगी पुढे गेल्या होत्या. सामान बांधताना ते स्टीलचं पातेलं हाताला लागलं. मी तसाच उठलो आणि फोन लावला. तेव्हा तो ऑकलंडला गेला होता, बायकोच्या भावाकडे. फोन मुलीनं उचलला. तीच, जिला झोप येत नव्हती. आता मोठी झालेली, मोठ्या माणसासारखा आवाज. माझं नाव ऐकून ती आनंदानं ओरडली.

"पप्पा को सुनाई नहीं देता अंकल, कान एकदम गया. आप मेरे को बोलो, मैं उनके कान में जोर से बोलती. पप्पा! मस्कतवाले अंकल!"

मागून त्याचा आवाज आला, जुना, खणखणीत, बहिऱ्या माणसाचा असतो तसा गरजेपेक्षा मोठा. "भैया! तुम लोग के उधर एलेक्सन कब है?"

"बोलो अंकल," मुलगी म्हणाली. "क्या बोलूँ पप्पा को?"

माझ्याकडे वाक्य तयार होतं. आठ वर्षं घोटलेलं, त्याच्या हिंदीत, त्याला नीट कळावं म्हणून. पण ते आधी त्या मुलीच्या कानातून जाणार होतं, आणि तिनं ते मोठ्यानं ओरडून त्याला सांगायचं होतं.

"बोलो, तब्येत सँभालो," मी म्हणालो.

तिनं ओरडून सांगितलं. तिकडून तीन टाळ्या ऐकू आल्या.

पुढच्या वर्षी तिचं छोटं पत्र अकोल्याच्या पत्त्यावर आलं. तो गेला होता. तुमची आठवण काढायचे, असं तिनं लिहिलं होतं. मी तिलाही उत्तर लिहिलं, सांत्वनाचं. त्यात ते वाक्य नव्हतं. ते असं होतं:

भैया, जगह थी. साहब तुमको बुलाने को तैयार था. तुम्हारा नाम हम कटवाया. हमको माफ कर दो.